मुलं नेमकं काय उचलतात?

१९७० साली अमेरिकेत ब्रायन आणि वॉलबेक या दोन संशोधकांनी तिसरी-चौथीतल्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. मुलाने एक छोटा खेळ खेळायचा, जिंकलं की बक्षीस मिळायचं, आणि वाटलंच तर त्या बक्षिसातला काही भाग शेजारी ठेवलेल्या, गरजू मुलांसाठीच्या डब्यात टाकायचा. मुलाच्या आधी एक मोठं माणूस तोच खेळ खेळून दाखवी. काही मुलांसमोर त्याने डब्यात वाटा टाकला, काहींसमोर सगळं स्वतःकडेच ठेवलं. खेळता खेळता त्याची बडबडही चालू होती. कधी दुसऱ्याला देणं किती चांगलं हे सांगायचं, कधी आपलं आपल्यापाशी ठेवावं असं. बोलणं आणि करणं यांची मुद्दाम सरमिसळ केलेली होती. त्यामुळे काही मुलांना देऊन देण्याचं कौतुक करणारा माणूस दिसला, आणि काहींना दानाचे गोडवे गात दमडीही न टाकणारा.

मग मुलांना एकटं सोडलं. ज्यांनी देणारा हात पाहिला होता त्यांनी जास्त दिलं. भाषणाने डब्यात फारशी भर पडली नाही. पण तो माणूस कसा वाटला असं विचारल्यावर मुलांनी त्याच्या गोड बोलण्याचेही गुण धरले. १९७५ मधल्या अशाच एका प्रयोगात मुलांना दोन महिन्यांनी पुन्हा खेळायला बोलावलं, तेव्हाही आधी पाहिलेल्या कृतीचा ठसा टिकून होता.

‘मी इतकं सांगते, पण याच्या डोक्यात काही शिरत नाही’ ही तक्रार या निकालाशी ताडून बघण्यासारखी आहे. शिरतं, सगळं शिरतं. चांगलं कशाला म्हणायचं हे मूल आपल्या तोंडून शिकतं. घरात प्रत्यक्षात काय चालतं हे आपल्या हातांकडे बघून शिकतं. आणि या दोहोंत अंतर असेल, तर असं अंतर ठेवलेलं चालतं, हेही ते त्याच बैठकीत शिकून घेतं. हा तिसरा धडा कोणताच आईबाप ठरवून देत नाही, तरी बहुतेक घरांत तोच सर्वांत पक्का होतो.

मुलाला गूळ सोडायला सांगण्याआधी स्वतः गूळ सोडणाऱ्या संताची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ती कधी रामकृष्ण परमहंसांच्या नावावर सांगतात, कधी गांधीजींच्या. गोष्ट छान आहे, पण पालकांच्या उपयोगाची नाही असं मला नेहमी वाटत आलं आहे. गोष्टीतल्या आईने मुलाला उपदेशासाठी दुसऱ्याकडे नेलं. संताने गूळ सोडला की नाही हे त्या मुलाला दिसणारच नव्हतं. घरात गूळ कोण खात होतं, डबा कुठल्या फळीवर होता, याबद्दल गोष्ट गप्प आहे.

बाहुली आणि हातोडा

मूल पाहून शिकतं ही गोष्ट सांगायला कोणी शास्त्रज्ञ लागत नाही. पण कसं शिकतं, काय घेतं आणि काय सोडतं, हे कळायला अल्बर्ट बांडुरा यांच्यापासून सुरुवात करावी लागते. कॅनडातल्या एका लहानशा गावात १९२५ साली जन्मलेले बांडुरा पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्र शिकवत होते; २०२१ साली ते वारले. ते संशोधनाला लागले त्या काळी मानसशास्त्रात असं मानलं जाई, की प्राणी काय किंवा मूल काय, बक्षीस आणि शिक्षा यांच्यामधूनच शिकतं. बांडुरांना हे पटत नव्हतं. एवढं सगळं चुकत-माकत, मार खात शिकायचं म्हटलं तर आयुष्य पुरणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

१९६१ मध्ये त्यांनी विद्यापीठाच्या बालवाडीतली ७२ मुलं निवडली, ३६ मुलगे आणि ३६ मुली, वय सरासरी सव्वाचार वर्षांच्या आसपास. एका गटासमोर मोठ्या माणसाने हवा भरलेल्या, ढकलली तरी पुन्हा उभी राहणाऱ्या बोबो नावाच्या बाहुलीला झोडपलं. तिला आडवी पाडून वर बसणं, नाकावर गुद्दा, लाकडी हातोड्याने डोक्यावर मारणं, हवेत उडवून लाथ मारणं, आणि प्रत्येक वेळी ठरलेली वाक्यं. दुसऱ्या गटातला मोठा माणूस बाहुलीकडे ढुंकूनही न बघता शांतपणे खेळत राहिला. तिसऱ्या गटाला कोणीच दाखवलं नाही. मग मुलांना थोडं चिडवलं. छान खेळणी देऊन दोन मिनिटांत काढून घेतली आणि बाहुली असलेल्या खोलीत सोडलं.

मारामारी पाहिलेल्या मुलांनी मारलं, याचं नवल नाही. नवल त्या मारण्यातल्या बारकाव्यांचं आहे. तसंच आडवं पाडणं, तीच हातोडी, तीच वाक्यं. त्या माणसाने मधूनच दोन निरुपद्रवी वाक्यंही टाकली होती. साधारण एक तृतीयांश मुलांनी तीसुद्धा जशीच्या तशी म्हटली. म्हणजे मुलांनी नुसता राग उचलला नव्हता, रागावण्याची अख्खी पद्धत उचलली होती. बाहुली मारण्यासाठीच बनवलेली होती, प्रयोगशाळेतला खेळ म्हणजे घर नव्हे, असे आक्षेप या प्रयोगावर तेव्हापासून घेतले जातात आणि ते रास्त आहेत. म्हणून त्यावरून ‘टीव्ही पाहून मुलं गुंड होतात’ अशी उडी मारू नये.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो १९६५ चा प्रयोग, ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. या वेळी मुलांना एक छोटी फिल्म दाखवली. एका गटाच्या फिल्ममध्ये बाहुलीला मारणाऱ्याला शेवटी शाबासकी, चॉकलेट आणि सरबत मिळालं. दुसऱ्या गटाच्या फिल्ममध्ये त्याला दटावून फटके दिले. तिसऱ्यात काहीच झालं नाही. शिक्षा झालेली पाहणाऱ्या मुलांनी बाहुलीला कमी मारलं. झालं, प्रयोग संपला असं वाटेल. पण बांडुरांनी पुढचा प्रश्न विचारला. त्या माणसाने काय काय केलं ते करून दाखवलंस तर प्रत्येक गोष्टीला चिकटचित्र आणि रस मिळेल, असं मुलांना सांगितलं. लगेच तिन्ही गटांतला फरक पुसला गेला. शिक्षा पाहिलेल्या मुलांनाही सगळं येत होतं. त्यांनी ते फक्त खिशात ठेवलं होतं.

शिकणं आणि करणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे बांडुरांनी यातून दाखवलं. आपल्या समोर शिस्तीत वागणारं मूल पाहून ‘आमच्या भांडणांचा तिच्यावर काही परिणाम झालेला नाही’ असं म्हणणाऱ्या आईबापांनी हा प्रयोग एकदा मनात घोळवावा. पाहिलेलं कधी बाहेर येईल हे तिच्या वयावर, जागेवर आणि तिथे कोण बघत आहे यावर अवलंबून असतं. पुष्कळदा ते वीस वर्षांनी, तिच्या स्वतःच्या संसारात येतं.

आंधळी नक्कल नव्हे

मूल कॅमेऱ्यासारखं सगळं टिपतं असं म्हणण्याची पद्धत आहे, पण तेही पुरतं खरं नाही. २००२ मध्ये गेर्गेली आणि सहकाऱ्यांनी चौदा महिन्यांच्या बाळांना एक गंमत दाखवली. एका बाईने टेबलावरचा दिवा हाताने न लावता कपाळ टेकवून लावला. काही बाळांनी पाहिलं तेव्हा तिचे हात मोकळे होते. काहींनी पाहिलं तेव्हा थंडी वाजते म्हणून तिने दोन्ही हातांनी अंगाभोवती शाल धरलेली होती. आठवड्याने दिवा बाळांच्या पुढ्यात आला. हात मोकळे असताना पाहिलेल्यांपैकी ६९ टक्के बाळांनी कपाळ वापरलं. शाल पाहिलेल्यांपैकी फक्त २१ टक्क्यांनी. बाकीच्यांनी सरळ हात लावला. बोलताही न येणाऱ्या बाळाने एवढं ओळखलं, की हिला हात वापरता येत नव्हते म्हणून कपाळ वापरलं, मला तर येतात.

थोडी मोठी झाल्यावर मुलं उलट जास्तच इमानदार होतात. २००५ मध्ये व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हायटन यांनी तीन-चार वर्षांची मुलं आणि चिंपांझी या दोघांना पेटीतून खाऊ काढायची रीत दाखवली, तीत मुद्दाम काही निरर्थक कृती घातल्या. पेटी पारदर्शक असली की चिंपांझी त्या कृती गाळून थेट खाऊ काढत. मुलं मात्र निरर्थक कृतीही निष्ठेने करत राहिली. चिंपांझी हुशार आणि मुलं बावळट असा याचा अर्थ नाही. माणसाच्या पोराला रीत शिकायची असते. उंबऱ्यावर उभं राहून का शिंकू नये किंवा देवाला फूल उजव्याच हाताने का वाहायचं, हे त्याला कोणी समजावून देत नाही. मोठी माणसं करतात म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं धरून ते चालतं. आपली संस्कृती याच गुणावर पुढे सरकते. आपल्या खोडीही.

दिव्याच्या प्रयोगातल्या बाळांसारखी मुलं कारण शोधतात म्हणूनच आपलं वागणं त्यांना दिसणं पुरेसं नसतं, त्यामागचं कारणही दिसावं लागतं. ‘बाबा फोनवर बोलत आहेत’ आणि ‘आत्याला दवाखान्यात नेलंय, तिचा फोन आहे, पाच मिनिटांत येतो’ या दोन वाक्यांत मुलाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

न बोलता शिकवलेली जात

एखाद्या चांगल्या वस्तीतल्या चांगल्या घरात जा. शिकलेले, विचाराने पुढारलेले लोक. घरात जातपात मानत नाहीत, आणि खरोखर मानत नाहीत असंच त्यांना वाटतं. आता स्वयंपाकघरात बघा. ओट्याच्या टोकाला, सिंकच्या बाजूला, एक कप निराळा ठेवलेला असतो. तो भांडी घासणाऱ्या मावशींचा. त्या चहा पितात तेव्हा खाली बसतात किंवा उभ्यानेच पितात, कप धुऊन पुन्हा त्याच कोपऱ्यात ठेवतात. घरातल्या चार वर्षांच्या मुलीला याबद्दल आजवर कोणी अवाक्षर सांगितलेलं नाही. पण एखाद्या दिवशी पाहुण्याने तो कप उचलला तर तीच ओरडेल, ‘अहो तो नाही, तो मावशींचा!’

२०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या अ‍ॅलिसन स्किनर आणि सहकाऱ्यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना काही चित्रफिती दाखवल्या. त्यात एक माणूस दोन बायकांशी तीच वाक्यं बोलतो, पण एकीशी हसून, जवळ झुकून आणि दुसरीशी तुटक आवाजात, मागे सरकून. शब्दांत काहीच भेद नव्हता. तरी नंतर मुलांना जी हसून वागवली गेली ती बाई जास्त आवडली, आणि तिच्या माणसांनाही त्यांनी झुकतं माप दिलं. वैर किंवा आदर एका माणसावरून त्याच्या गटावर कसा पसरतो, हे यात दिसतं. लिफ्टमध्ये वॉचमन काका, पार्सल घेऊन आलेला मुलगा आणि वरच्या मजल्यावरचे डॉक्टर, या तिघांशी बोलताना आपला आवाज किती वेळा बदलतो ते बाजूला उभं असलेलं मूल मोजत नाही, पण साठवतं.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी असा कप असेल त्यांनी तो आज इतर कपांत ठेवून द्यावा. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातल्या समतेच्या धड्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल, हे मी जबाबदारीने लिहितो.

ताट कोण उचलतं

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. करणारे पुरुष ९७ मिनिटं. आणि मुळात असं काम करणारे पुरुष होते २६ टक्के, बायका ८१ टक्के. म्हणजे पाहणीच्या दिवशी चारपैकी जवळजवळ तीन पुरुषांनी झाडू किंवा पोळपाट हातात घेतलेलाच नव्हता.

याचा मुलांवर काय परिणाम होतो? कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये ७ ते १३ वयाच्या ३२६ मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास अलिसा क्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांत वडील घरकामाचा वाटा उचलत होते तिथल्या मुलींची मोठेपणीची स्वप्नं ‘बायकांची कामं’ या चौकटीत कमी अडकलेली होती. वडील समतेबद्दल काय म्हणतात यापेक्षा ते घरात काय करतात हे मुलींच्या बाबतीत वजनदार ठरलं. तोंडाने समता सांगणारे पण घरकाम बायकोवर टाकणारे वडील असले, तर मुली तरीही रूढ कामांकडेच झुकल्या. अभ्यास तिथला, घरं तिथली, त्यामुळे आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण ‘आमच्या घरात मुलगा-मुलगी भेद नाही’ असं म्हणत सोफ्यावरून ‘जरा पाणी आण गं’ अशी हाक मारणारा बाप आपल्याला अनोळखी नाही.

यात आयांचाही वाटा आहे. मुलाने जेवून ताट जागेवरच ठेवलं की ते उचलायला बहुधा आई किंवा बहीण पुढे येते, आणि जावई घरी आल्यावर भांड्यांना हात लावू लागला तर अख्ख्या घराची तारांबळ उडते. सासूबाई म्हणतात, ‘अहो, तुम्ही कशाला?’ शेजारी बसलेला नातू हे ऐकतो.

अशी कामं मुलांना शिकवायची कशी, याची मारिया मॉन्टेसरी यांच्या बालशाळांत एक पद्धत होती. शिक्षिका पाणी ओतणं, घडी घालणं, खुर्ची उचलून ठेवणं अशी कामं मुलासमोर अगदी सावकाश करून दाखवी आणि त्या वेळी जवळजवळ बोलत नसे. शब्द आणि हालचाल दोन्ही एकदम आले तर मूल गोंधळतं, अशी त्यामागची समज. १९३९ पासूनची काही वर्षं मॉन्टेसरी भारतातच होत्या. त्याआधीच गिजुभाई बधेकांनी भावनगरला आणि ताराबाई मोडकांनी त्यांच्यासोबत व नंतर महाराष्ट्रात या विचाराला इथली माती दिली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९४५ मध्ये ताराबाईंची बोर्डीची बालवाडी सुरू झाली, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभं राहिलं. घरी असं सावकाश करून दाखवायला साहित्य लागत नाही. कणीक मळताना, शर्टाचं बटण लावताना, पंक्चर काढताना मुलाला शेजारी बसू द्यायचं आणि हात जरा सावकाश चालवायचा, इतकंच.

अडखळणं दिसू द्या

आदर्श या शब्दाने पालकांचं बरंच नुकसान केलं आहे. आपण चुकायचं नाही, रडायचं नाही, हरायचं नाही, अशी एक मूर्ती डोळ्यांसमोर येते. संशोधन मात्र भलतंच सांगतं. एमआयटीमधल्या ज्युलिया लिओनार्ड यांनी २०१७ मध्ये साधारण पंधरा महिन्यांच्या बाळांसमोर एका मोठ्या माणसाला डब्यातून खेळणं काढायला लावलं. एका गटासमोर ते चटकन निघालं. दुसऱ्या गटासमोर त्याने बराच वेळ खटपट केली, असं करून पाहू, तसं करून पाहू म्हणत, आणि मग निघालं. त्यानंतर बाळांना एक संगीताचं खेळणं दिलं, ज्याचं मोठं बटण मुळात चालतच नव्हतं. खटपट पाहिलेल्या बाळांनी ते बटण कितीतरी जास्त वेळा दाबून पाहिलं. मोठ्या माणसाने बाळाच्या डोळ्यांत बघत, त्याचं नाव घेत खटपट केली असेल, तर परिणाम आणखी ठळक होता.

कुकरचं झाकण बसत नाही, बँकेचा अर्ज तिसऱ्यांदा परत आलाय, गाडी सुरू होत नाहीये. अशा वेळी आपण मुलांना ‘जा रे खेळ जा, डोकं खाऊ नकोस’ म्हणतो. नेमकी तीच वेळ शिकण्याची असते. यंत्र बंद पडल्यावर माणूस काय करतो, कोणाला विचारतो, शिवी देतो की पान उलटून सूचना वाचतो, हे मुलाला दुसरीकडे कुठे बघायला मिळणार?

भीतीचंही तसंच. १९८५ मध्ये सॉर्स, एम्डे आणि सहकाऱ्यांनी वर्षभराच्या बाळांना एका काचेच्या टेबलावर ठेवलं. मध्यावर काचेखाली सुमारे फूटभर खोल जागा दिसत होती, पलीकडे आई. आईने हसरा चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ बाळं काचेवरून पलीकडे गेली. आईने घाबरा चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही नाही. भिंतीवर पाल दिसल्यावर किंचाळून खुर्चीवर चढणाऱ्या आईच्या मुलीला पालीची भीती कुठून आली, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. पालीवर प्रेम करा असं माझं म्हणणं नाही. भीती वाटत असतानाही झाडूने तिला बाहेर काढता येतं, एवढं दिसलं तरी पुरे.

भांडणं लपवावीत का, हाही नेहमीचा प्रश्न. अमेरिकेतले ई. मार्क कमिंग्ज यांनी कित्येक वर्षं आईबापांच्या वादांचा मुलांवरचा परिणाम अभ्यासला. मिटलेलं भांडण पाहिलेली मुलं न मिटलेलं पाहिलेल्या मुलांपेक्षा बरीच कमी अस्वस्थ होतात, असं त्यांना आढळलं. आपल्याकडे गडबड इथेच होते. भांडण होतं हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, आणि समेट होतो मध्यरात्री बंद दाराआड. मुलाच्या वाट्याला अर्धंच नाटक येतं. भांडायचं कसं ते त्याला कळतं, मिटवायचं कसं ते नाही. ‘काल मी तुझ्या बाबांवर उगाच ओरडले, आम्ही बोललो त्यावर’ हे सकाळी दूध देताना सांगितलेलं एक वाक्य त्या नाटकाचा दुसरा अंक असतो.

खोटं, फोन आणि सिग्नल

‘सांग बाबा घरी नाहीत’ हे वाक्य लँडलाइनच्या काळापासून घराघरांत आहे. २०१४ मध्ये हेज आणि कार्व्हर यांनी तीन ते सात वर्षांच्या १८६ मुलांशी प्रयोग केला. काहींना ‘पलीकडच्या खोलीत भांडंभर चॉकलेटं आहेत’ असं सांगून खेळायला आणलं आणि मग ते खोटं होतं हे मान्य केलं. नंतर खेळताना मुलांना एकटं सोडलं, मागे ठेवलेल्या खेळण्याकडे बघायचं नाही या अटीवर. पाच वर्षांखालच्या मुलांत फरक दिसला नाही. पण शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ज्यांना फसवलं होतं त्यांनी जास्त वेळा चोरून पाहिलं, आणि वर ‘मी नाही पाहिलं’ असं सांगितलं. आपल्याशी खरं न बोलणाऱ्याशी खरं का बोलावं, असा हिशेब त्यांनी केला असावा. हिशेब चूक म्हणता येत नाही.

जेवणाच्या टेबलावरचा फोन तर आता सगळ्यांचाच झाला आहे. बॉस्टनमधल्या काही उपाहारगृहांत २०१३ च्या उन्हाळ्यात निरीक्षकांनी मुलांना घेऊन आलेल्या ५५ मोठ्यांकडे लक्ष ठेवलं, त्यातल्या ४० जणांनी जेवताना फोन वापरला. आपल्याकडे आज मोजणी केली तर काय निघेल त्याचा अंदाज कोणीही बांधावा. या बाबतीत मला सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाचं विशेष वाटतं. करोनानंतर मुलं मोबाइलला चिकटल्याची तक्रार तिथेही होती. १५ ऑगस्ट २०२२ पासून गावाने ठरवलं की संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचं. सुरुवातीला माणसं घरोघर फिरून पाहत होती. यातली कळीची गोष्ट अशी की बंदी घरातल्या मोठ्यांनाही होती. आईची मालिका चालू ठेवून मुलाला ‘अभ्यास कर’ म्हणण्याची सोय भोंग्याने काढून घेतली. अख्खं गाव एकदम करत असल्यामुळे एकट्या घराला जड जातं ते तिथे सोपं झालं.

खाण्याबद्दल थोडक्यात. २००५ मधल्या एका अभ्यासात दोन ते पाच वर्षांच्या मुलांना रंगवलेल्या रव्याचा अनोळखी पदार्थ दिला. समोर बसलेलं मोठं माणूस नुसतं बसलं होतं, दुसऱ्या रंगाचं खात होतं की तोच पदार्थ खात होतं, यावरून फरक पडला. तोच खाणारा माणूस समोर असला की मुलांनी पदार्थ जास्त स्वीकारला. स्वतःच्या ताटात चिकन आणि मुलाच्या ताटात मेथी, हा बेत का फसतो ते यावरून कळेल.

आणि रस्ता. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे. त्याहून लहान मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा आणि हेल्मेट हवं, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. तरी शाळा सुटायच्या वेळी कुठल्याही चौकात उभं राहून बघा. मूल पुढे उभं, बापाच्या डोक्यावर काही नाही, सिग्नल लाल, आणि प्रश्न एकच : ‘मामा आहे का बघ रे!’ मूल मान लांब करून बघतं, ‘नाहीये’ म्हणतं, गाडी सुटते. नियम पाळायचा की नाही ते शिट्टीवाल्यावर अवलंबून असतं, हे त्याला पाचव्या वर्षी पाठ झालं. हाच मुलगा पंधराव्या वर्षी किल्ली उचलून गाडी घेऊन जातो तेव्हा घरच्यांना धक्का बसतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा वेळी पालकाला किंवा गाडीच्या मालकाला दोषी धरण्याची तरतूद आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंडाची.

सगळं आपल्या हातात नाही

एवढं लिहिल्यावर उलट बाजूही सांगायला हवी. ज्युडिथ रिच हॅरिस यांनी १९९८ मध्ये एक पुस्तक लिहून मोठी खळबळ उडवली. मुलांचं व्यक्तिमत्त्व घडवण्यात आईबापांचा वाटा आपण समजतो त्याहून फार कमी असतो, जनुकं आणि बरोबरीची मुलं यांचा जास्त, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ते जरा ताणलं, असं मला वाटतं. पण ज्यांच्या घरी दोन मुलं आहेत त्यांना त्यातलं तथ्य ठाऊक असतं. त्याच घरात, त्याच आईबापांकडे बघत वाढलेली दोन भावंडं उत्तर-दक्षिण निघतात. एक बुजरं, एक धीट. मूल कोणाकडे बघायचं हेही निवडतं. कधी ते आजोबा असतात, कधी क्रिकेटचे सर, कधी सोसायटीतला मोठा दादा. त्यामुळे मुलाचं काही बिघडलं की सगळा दोष आईच्या पदरात घालणं हे अन्यायाचंच आहे, आणि आपल्याकडे तो आईच्याच पदरात पडतो.

म्हणून चोवीस तास आदर्श होण्याचा अट्टहास करू नये. तो टिकतही नाही, आणि मुलांना त्यातला देखावा ताबडतोब कळतो. ज्या दोन-तीन गोष्टी रोज, न चुकता, मुलांच्या डोळ्यांसमोर घडतात त्या तेवढ्या नीट कराव्यात. कोणत्या, ते घराघरांचं निराळं असेल.

ते शोधायचं असेल तर एक सोपा मार्ग आहे. घरात तीन ते सात वर्षांचं मूल असेल तर त्याला भातुकली किंवा शाळा-शाळा खेळू द्या, आणि दहा मिनिटं मध्ये न पडता नुसतं ऐका. ‘आई’ झालेली मुलगी कोणत्या आवाजात बोलते, ‘बाबा’ ऑफिसातून आल्यावर काय करतो, ‘मावशी’ला चहा कुठे मिळतो, ‘फोन’ कानाला लावून कोणाला काय सांगितलं जातं, हे सगळं त्यात येईल. त्यातलं जे ऐकवणार नाही, तिथून सुरुवात करा.